आज कोणी उठायचं नाही

त्या आठवड्यात आमच्या बेसबॉल संघाचे सुरुवातीचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, एकामागून एक ढेपाळले. कोणी तिसऱ्या डावात मार खाऊन परतला, कोणी चौथ्यात. सामना नऊ डावांचा. उरलेलं ओझं आमच्या खांद्यावर. आम्ही बुलपेनवाले, कुंपणामागच्या बाकावर बसून बोलावण्याची वाट बघणारे राखीव पिचर. रविवारपर्यंत युसेबियोला शर्टाचं वरचं बटण लावता येईना, आणि दाराची मूठ फिरवतानाही माझं कोपर ठणकायचं.

रविवारी दुपारी सुरुवात करणार होता वेंडेल क्राट्झ, संघातला सगळ्यात वयस्क. चेंडूचा वेग कधीच गेलेला, डोकं तेवढं शाबूत. सामन्याआधी तो आमच्या बाकापाशी आला.

"आज कोणी उठायचं नाही. सूर्यफुलाच्या बिया चघळत बसा."

"आजोबा, पाचव्या डावापर्यंत उभे राहिलात तरी गंगेत घोडं न्हालं," युसेबियो म्हणाला.

"तू आधी तुझी बटणं लाव."

पहिल्याच डावात समोरच्या संघाने वेंडेलला पाच धावा चोपल्या. बुलपेनचा फोन खणखणला. मी उसासा टाकून हातमोजा उचलला आणि हात गरम करायला लागलो. मॅनेजर रस्क चालत वेंडेलपाशी गेले. वेंडेलने चेंडू पाठीमागे लपवला. काय बोलणं झालं ते नंतर आमच्या कॅचरने, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याने, सांगितलं.

"आण तो चेंडू."

"नाही देत. मला काढलंत तर उरलेले डाव कोण टाकणार? त्या पोरांचे हात बघितलेत का?"

"अरे, अजून पाच खाशील!"

"खाईन. लिहा माझ्या नावावर. पण त्यांना बसू द्या."

रस्क थुंकले आणि मागे फिरले. पुन्हा फोन आला. "बस खाली," एवढंच.

मग वेंडेलने वेगाचा नाद सोडूनच दिला. चेंडू हळू, खाली, कडेला. फलंदाज घाईने बॅट फिरवायचे आणि चेंडू घरंगळत आमच्याच माणसांच्या हातात जायचा. आम्ही ऊन अंगावर घेत बसलो. कितीतरी दिवसांनी मी सामना नुसता बघितला. आमच्या फलंदाजांनी एकेक करत चार धावा काढल्या. वेंडेलने नववा डावही स्वतःच टाकला, तेव्हा लोक उठून उभे राहिले.

हरलो, एका धावेने. नोंदवहीत पराभव पिचर म्हणून वेंडेलच्या नावावर लागला.

नंतर तो खांद्यावर बर्फ बांधून बसला होता. हात वर उचलवत नव्हता. युसेबियोने समोरच्या दुकानातून भाजलेल्या बरगड्या आणल्या आणि हाडावरचं मांस सोडवून त्याला भरवायला लागला.

"आ करा, आजोबा."

"हरलेल्याचे इतके लाड?"

"गप खा. रस ओघळतोय."

मंगळवारी सुरुवात करणारा आमचा एक तरणा पिचर पुन्हा तिसऱ्या डावातच कोसळला. उरलेले डाव आम्ही ताज्या हातांनी वाटून घेतले, एकही धाव दिली नाही आणि जिंकलो. वेंडेल सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, चांगल्या हाताने कठडा बडवत.