मिलोयेचा उजवा हात

मिलोये आठ वर्षं ग्राबोव्हिकच्या नगरपालिकेचा सभासद होता आणि आठ वर्षांत त्याने सभागृहात तोंड उघडलं ते फक्त जांभई द्यायला. हे सगळ्यांना ठाऊक होतं, एक त्याची बायको देसांका सोडून. बैठक संपवून यासिका गावातल्या घरी आला की बूट काढायच्या आत सांगायचा, "आज असा गरजलो की विरोधकांची पाचावर धारण बसली!" मग देसांका घरच्या दारूचा, राकियाचा पेला भरायची आणि आळीभर नवऱ्याचं कौतुक सांगत सुटायची.

तेवढ्यात कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की कामकाज टीव्हीवर थेट दाखवायचं. त्याने म्हणे लोकशाही बळकट होते. लोकशाहीचं देव जाणे, पण पहिल्या प्रक्षेपणाच्या गुरुवारी सकाळी सभासदांच्या दाढ्या करता करता न्हाव्याला घोटभर कॉफी प्यायला फुरसत मिळाली नाही.

नेमका त्याच दिवशी यासिकाची बस बंद करण्याचा विषय होता. बाजारात लोणी-चीज विकणाऱ्या गावच्या बायकांना दुसरं वाहन नव्हतं. देसांका म्हणाली, "आज बसवर बोल. वीसजणी येतायत माझ्याकडे टीव्ही बघायला." मिलोयेने भाषण लिहून खिशात घातलं, दोनदा काढून वाचलंही.

कॅमेऱ्याने सगळ्यांच्या अंगात आलं होतं. विरोधी पक्षाचे तिहोमिर मास्तर गटाराच्या पाइपावर बोलताना तुर्कांच्या राजवटीपासून सुरू झाले आणि पाऊण तासाने पाइपापर्यंत पोचले. एकाने व्हिएन्नातल्या सुनेला नमस्कार सांगितला. एकमेकांना चोर म्हणणारे मधल्या सुट्टीत एकाच कागदावरचा चीज भरलेला बुरेक तोडत होते. नववा विषय, बसचा, येईपर्यंत सहा तास झाले होते आणि मिलोयेला छान डुलकी लागली होती. "कुणाला बोलायचंय?" असं अध्यक्षा रादोय्काबाईंनी विचारलं, तेही त्याने ऐकलं नाही.

"बस बंद करायच्या बाजूने कोण?"

मिलोयेच्या पक्षाची एक रीत होती. गटनेता वुकोसावने पेन्सिल वर केली की चौदा हात वर. विषय काय, हे विचारायची गरज नसायची. पेन्सिल वर गेली आणि झोपेतल्या मिलोयेचा हातही सवयीच्या बैलासारखा आपोआप वर गेला.

खिशातला फोन खणखणला. डाव्या हाताने त्याने तो कानाला लावला, तर देसांका.

"मिलोये! हात खाली!"

त्याने दचकून हात खाली घेतला. "घेतला गं."

"कुठे घेतलास? वरच आहे!"

"अगं, मांडीवर आहे!"

"वीसजणी आंधळ्या आहोत का आम्ही? खाली कर म्हणते ना!"

चित्र यासिकाला सात-आठ सेकंद उशिरा पोचत होतं, पण हे तिला समजावणार कोण? मिलोयेने फोन कान आणि खांद्यामध्ये धरला आणि उजव्या हातावर डावा हात दाबून धरला.

"आत्ता आला खाली," देसांका म्हणाली. "आणि तो वुकोसाव काय डोळे वटारतोय?"

"मिलोये, फोन ठेव, हात वर कर!" वुकोसाव दातओठ खात म्हणाला.

फोनमधला आवाज पुढच्या बाकापर्यंत ऐकू गेला, "त्याला सांग, त्याची सासू इथे माझ्या शेजारीच बसलीय. तिला बोलायचंय म्हणे."

मिलोयेने फोन मुकाट्याने पुढे केला. वुकोसावने तो कानाला लावला, दोनदा "हो आई," एकदा "नाही आई" म्हणाला आणि पेन्सिल खिशात घातली. पेन्सिल दिसेना, तसे बाकीचे हात बिचारे भांबावून एकेक करत खाली आले. बस वाचली.

मग आयत्या वेळच्या विषयात वुकोसावने ठराव मांडला, की प्रक्षेपण आजपासून बंद. तिहोमिर मास्तरांनी अनुमोदन दिलं. दोन्ही पक्षांचे सगळे हात पेन्सिलीवाचून वर गेले. मिलोयेचाही गेला, आणि फोन वाजला नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याला वाटलं.

घरी राकिया भरलेली नव्हती.

"आठ वर्षं गरजत होतास ना?" देसांकाने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. आळीभर तिने मिरवलं होतं ते कोणाच्या जिवावर? मिलोये खरोखर लाजला. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"टीव्ही बंद केलात?"

"सगळ्यांनी मिळून केला."

"बरं," एवढंच म्हणून ती झोपायला गेली.

पुढच्या गुरुवारी नऊच्या बसने वीस बायका ग्राबोव्हिकला उतरल्या. बाजारात न जाता त्या थेट नगरपालिकेत शिरल्या आणि प्रेक्षकांच्या गॅलरीची किल्ली मागू लागल्या. किल्ली शोधायलाच अर्धा तास गेला, कारण ती गॅलरी कधी कुणी उघडलीच नव्हती. बायकांनी बाकांवरची धूळ डोक्याच्या रुमालांनी झटकली, विणकाम काढलं, वुकोसावच्या सासूला मधोमध बसवलं. सभागृहात कुणी कुणाला चोर म्हणेना.

"पहिल्या विषयावर कुणाला बोलायचंय?" रादोय्काबाईंनी विचारलं.

देसांका कठड्यावरून वाकली. "मिलोये, बोल आता. इथून नीट ऐकू येतं."

मिलोये उभा राहिला.