दोन मालकांचं व्हायोलिन

मी व्हायोलिन बोलतोय. आधीच सांगून टाकतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. माझ्या पोटात एक लेबल चिकटवलेलं आहे. त्यावर एका थोर कारागिराचं नाव आहे आणि ते साफ खोटं आहे. मी एका कारखान्यात ढीगभर भावंडांसोबत जन्मलो आणि प्रत्येकाच्या पोटात तेच नाव डकवलं गेलं. जन्मतःच पोटात थाप घेऊन आलेल्याने भोळं कसं राहावं?

माणसांची एक गंमत बघून ठेवली आहे मी. मला हातात घेतलं की ती आधी वाजवत नाहीत. एक डोळा मिटून फटीतून आत डोकावतात, नाव वाचतात, भुवया उंचावतात. मग कलिंगड निवडावं तसं बोटाने ठोकून बघतात. भाव वाढवायचा असेल तर विकणारा नाव मोठ्याने वाचतो, आणि पाडायचा असेल तर घेणारा खोकतो.

माझी पहिली मालकीण मात्र लेबल वाचून हसली. "असू दे," ती दुकानदाराला म्हणाली, "आमच्या घराण्यातही थापाडे कमी नाहीत." ती शाळेत संगीत शिकवायची. घरी ती आणि तिची मुलगी, दोघीच. वरच्या मजल्यावर तिचा थोरला भाऊ एकटा राहायचा. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याच्या नखांत कायम पांढरं प्लास्टर असे.

मुलीला झोपवताना ती एकच धून वाजवायची. धून साधी होती, पण अर्ध्यावर एका जागी ती नेहमी थांबायची. धुनेत तिथं थांबा नव्हता. मुलगी झोपली का, हे बघायला ती मान वर करायची, एवढंच. मग अंधारातून आवाज यायचा, "झोपले नाही अजून." की पुढचा भाग सुरू. कधी आवाज आला नाही, की ती पुढचा भाग न वाजवताच मला पेटीत ठेवायची.

मुलगी मोठी झाली, धून बंद झाली. मग मालकीण आजारी पडली. त्याबद्दल फार बोलत नाही. माझ्यावर धूळ बसू लागली, तेव्हाच मी समजलो.

एका दुपारी तिने भावाला पलंगाशी बोलावलं. मुलगी पायथ्याशी पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

"दादा, हे तुझ्याकडे ठेव. पण हे तुझं नाही हं. तिचं आहे. शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिली की तिला दे. तोवर तू सांभाळ."

"बरं," भाऊ म्हणाला.

त्या दिवसापासून मला एकाच वेळी दोन मालक झाले. एकाच्या हातात मी, आणि माझ्यावर हक्क दुसरीचा. मालकीण गेल्यावर मुलगी वरच्या मजल्यावर मामाकडे राहायला गेली आणि मी मामाच्या कपाटात, गरम कपड्यांच्या खाली. किल्ली मामाच्या शर्टाच्या खिशात. कपाटाला कान असतात, पण हात नसतात. मी ऐकत राहिलो आणि संशय घेत राहिलो.

भाची विद्यापीठात कायदा शिकू लागली. अभ्यास मोठ्याने करायची तिची सवय. सोबत एक मैत्रीण यायची. परीक्षेत ती पुरवणीवर पुरवणी घ्यायची म्हणून तिचं नावच 'पुरवणी' पडलं होतं. बाकीचे विषय मला कंटाळवाणे वाटले. शेवटच्या वर्षी इक्विटी, म्हणजे न्यायबुद्धीचा कायदा, आणि ट्रस्ट यांचा पेपर आला, तेव्हा मी लाकडाचा कान करून ऐकू लागलो. कारण तो विषय माझाच होता.

"ट्रस्ट म्हणजे," पुरवणी घोकायची, "वस्तू एकाच्या ताब्यात, लाभ दुसऱ्याचा. ताबा ज्याचा तो विश्वस्त. त्याने ती वस्तू दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची नाही. मागितला की हिशेब द्यायचा. आणि तीळभरही फायदा स्वतः घ्यायचा नाही. लाभार्थ्याचं नुकसान झालं नसलं तरी नाही!"

"म्हणजे नाव विश्वस्त आणि विश्वास शून्य," भाची म्हणाली.

"अगं, सर म्हणालेच ना, सगळे विश्वासू असते तर हा पेपर कशाला असता?"

तिकडे मामाचं काय चाललं होतं, ते मला ठाऊक होतं. भाची पहिल्या वर्षाला असताना एका रविवारी त्याने मला उचललं आणि वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात नेलं. मी म्हटलं, झालं, विकतोय. दुरुस्तीवाल्याने सरसाचं भांडं बाजूला ठेवलं, आत डोकावला, खोकला. मी खोकल्याचा अर्थ जाणून होतो.

"विकायचं नाही," मामा म्हणाला. "नुसतं बघा, ठीक आहे ना."

"ठीक कसलं! बंद ठेवून आवाज बसलाय. वाजतं ठेवलं पाहिजे. माझ्याकडे एक चांगला वाजवणारा येतो, त्याला देऊन ठेवा."

"दुसऱ्याच्या हातात देणार नाही."

"मग काय, कवळ्या वाजवणार?"

मामाने जरा विचार केला. "मलाच शिकवा."

दुरुस्तीवाला इतका हसला की मागच्या भिंतीवरची सतार झणझणली. पण शिकवलं. दर रविवारी मामा "कवळीचं माप घ्यायला जातोय" असं भाचीला सांगून मला घेऊन निघायचा. पेटी मोठ्या पिशवीत घालायचा. सुरुवातीला त्याचे हात असे चालायचे की रस्त्यावरचं कुत्रं उत्तर द्यायचं. मी सहन केलं. माझ्यासाठीच करतोय बिचारा, असं मला वाटलं.

मग मला वेगळाच संशय येऊ लागला. तो जिन्यावरून उतरताना गुणगुणायला लागला. दुकानात लवकर पोहोचायला लागला. तास संपला तरी मला पेटीत ठेवायला त्याचं मन होईना. हा आता माझ्यासाठी वाजवतोय की स्वतःसाठी? मी स्वतःलाच विचारू लागलो.

उत्तर लवकरच मिळालं. भाचीला एका वकिलाच्या कार्यालयात काम लागलं. परीक्षा तोंडावर, तरी हातात पहिला पगार. जेवताना ती म्हणाली, "मामा, आईचं व्हायोलिन आता मला देतोस?"

"देणार की. हवा दमट आहे, आत्ता नको उघडायला."

पुढच्या महिन्यात हवा कोरडी पडली. "कोरड्या हवेत तडा जातो," मामा म्हणाला. "आणि घाई काय आहे, ठमाबाई? पेपर होऊ दे."

त्या संध्याकाळी मला भिंतीपलीकडून पुरवणीचा आवाज ऐकू आला. "समज, 'क्ष'ने 'य'ला वस्तू दिली, 'झ'साठी सांभाळायला. आता 'य' म्हणतो, आज नको उद्या. 'झ'ने काय करावं?"

भाचीने पुस्तक मिटलं. "'झ'ने आधी 'य'चं कपाट बघावं."

मामा अंघोळीला गेला तेव्हा तिने त्याच्या खिशातून किल्ली काढली. कितीतरी वर्षांनी तिचे हात मला लागले. ती आत डोकावली नाही, ठोकलं नाही. तारांखाली बोट फिरवलं. बोटाला, वाजवण्याआधी गजाला घासतात त्या राळेची ताजी पूड लागली. ती प्लास्टर नव्हे, हे आईची मुलगी असल्यामुळे तिला लगेच कळलं. एक तार नवी होती. हनुवटी टेकायची जागा गुळगुळीत झाली होती.

"भाड्याने देतोय," मागून डोकावत पुरवणीने निकाल दिला. "नाहीतर गिऱ्हाईक बघतोय."

"मामा असं करणार नाही गं."

"मामा करणार नाही. विश्वस्त करतात. किती खटले वाचले आपण?"

तेव्हापासून भाची मामाला 'तुम्ही' म्हणू लागली. मामाने दोनदा चमकून बघितलं, पण विचारलं नाही. ज्याच्या मनात काही असतं, तो विचारत नाही. भाचीने मैत्रिणीबरोबर दुसरीकडे खोली बघून ठेवली होती. आईच्या बाजूचं तिचं या जगात एकच माणूस उरलं होतं आणि तेही तिला सोडायचं होतं. तेवढ्यासाठी फक्त पुरावा हवा होता.

रविवारी ती पिशवीच्या मागोमाग आली. दुकानाचं दार उघडलं तेव्हा मी मामाच्या हनुवटीखाली होतो.

तिघंही थबकली. भाची दारात, हातात छत्री शस्त्रासारखी धरलेली.

"कवळीचं माप घेताय वाटतं," ती म्हणाली.

"तुला कसं..."

"तुमच्या खिशातली किल्ली घेतली होती मी. तेही चूकच. न्याय मागायला येणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत म्हणतात, माझे नाहीत. पण आता सांगा. आईने काय सांगितलं होतं?"

"सांभाळ म्हणाली."

"वाजवा म्हणाली?"

दुरुस्तीवाला मधे पडला, "अहो, वाजवलं नसतं तर लाकूड..."

"थांबा तुम्ही," मामा म्हणाला. मग तिच्याकडे बघून, "नाही म्हणाली."

"मग मी मागितलं तेव्हा दिलं का नाहीत?"

मामाने मला मांडीवर घेतलं. त्याचा अंगठा माझ्या मानेवर होता, नखात प्लास्टर. मी म्हटलं, आता हवेवर ढकलेल.

"देववेना," तो म्हणाला. "आधी तुझ्यासाठी म्हणूनच शिकलो. मग रविवारची वाट बघायला लागलो. दिवसभर लोकांचे खोटे दात घासतो मी, चिमे. हे एवढंच माझं होतं. आणि ते माझं नव्हतंच."

"म्हणजे फायदा घेतलात."

"घेतला."

इतका सरळ कबुलीजबाब तिने एकाही खटल्यात वाचला नसावा. छत्री खाली आली, पण आवाज तसाच राहिला. "विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो."

"कसला देऊ? पैसा नाही यात." त्याने मला उचललं. "काय शिकलो ते ऐक. मग घेऊन जा."

त्याने तीच धून धरली. सूर अधूनमधून घसरत होते. अर्ध्यावर आला आणि थांबला. मान वर केली.

"शंभरदा सांगितलं," दुरुस्तीवाला करवादला, "इथं थांबायचं नसतं!"

"असतं," मामा म्हणाला. "ती थांबायची. मी वरून ऐकायचो. का थांबायची ते नाही माहीत, पण थांबायची."

गज माझ्या तारेपासून बोटभर वर होता. भाची दाराला टेकून खाली बसली.

"झोपले नाही अजून," ती म्हणाली.

मामाला त्याचा अर्थ कळला नाही. पण ती पुढे म्हणाली, "वाजव ना, मामा," आणि 'वाजव' त्याला कळलं. त्याने पुढचा भाग वाजवला.

आता मी भाचीच्या नव्या खोलीत, फळीवर असतो. बघून ठेवलेली खोली तिने सोडली नाही. हिशेब पटला तरी वस्तू ज्याची त्याच्याकडे गेलीच पाहिजे, असं ती म्हणाली, आणि मामाने मान डोलावली. किल्ली आता कुणाकडेच नाही, कारण फळीला कुलूप नाही. रविवारी मामा येतो, "घेऊ का?" असं विचारतो, हात धुतो आणि मगच मला उचलतो. मग तिच्या बोटांना जागा दाखवतो. तिची बोटं कायद्याच्या पुस्तकांनी ताठली आहेत. धुनेत आई थांबायची त्या जागेपर्यंत ती अजून पोहोचलेली नाही.

माझा स्वभाव मात्र जात नाही. मामाने विचारलं की ती "घे" म्हणायच्या आधी क्षणभर थांबते, तेव्हा मी दोघांकडे बारकाईने बघतो. तुमच्याकडे कुणी काही सांभाळायला ठेवलं असेल, तर एवढंच मागणं: ते जिवंत ठेवा, आणि ज्याचं आहे त्याने मागितलं की हवेकडे बोट दाखवू नका. द्या. मग हात धुऊन त्याच्या दाराशी जा आणि विचारा, घेऊ का.