माहेरच्या लुगड्याच्या सात टोप्या

भिवंडीतल्या ‘क्रीक व्ह्यू’ संकुलातून खाडी दिसत नाही. कशेळीकडे तोंड करून गच्चीवर उभं राहिलं की गोडाऊनचे निळे पत्रे दिसतात, त्यांच्यापलीकडे आणखी पत्रे, आणि त्यांच्यामागे खाडी आहे असं मानून चालायचं. आमच्या संकुलात ख्रिस्ती कुटुंबही नाही. मागे एक कुटुंब भाड्याने यायला तयार होतं, पण ‘तुम्हालाच इथे परकं वाटेल’ असं मोठ्या काळजीने सांगून कमिटीने त्यांना परत पाठवलं. नाताळ मात्र आम्ही दरवर्षी करतो.

यंदा तो ‘झीरो खर्च’ करायचा असं दिपालीवहिनींनी ठरवलं. त्या चौथ्या मजल्यावर आमच्या समोर राहतात. समोरच्या गोडाऊनपैकी बरीचशी त्यांच्या सासऱ्यांची, लडकूशेठची. संकुलाच्या ग्रुपवर वहिनींनी नियम टाकले: शुभेच्छापत्र आणि भेटवस्तू, दोन्ही स्वतःच्या हाताने केलेल्या, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून, विकत काहीही आणायचं नाही. चोवीस तारखेला संध्याकाळी क्लबहाउसमध्ये स्पर्धा. परीक्षक मी. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे आणि सध्या घरीच आहे, हे दोन गुण त्यांना पुरेसे वाटले.

मी ग्रुपवर विचारलं, टाकाऊ म्हणजे नक्की काय? त्यावर नऊ अंगठे आणि एक सांताक्लॉज आला. म्हणून व्याख्या मीच लिहिली: घरातल्या कुणालाही नको असलेली वस्तू. तिलाही अंगठे आले.

आमच्या घरी याची नवलाई नव्हती. माझे बाबा, म्हणजे हरीकाका, भेटीवरचा चिकटपट्टीचा तुकडा इस्त्रीच्या वाफेने सोडवून कागद जपून ठेवतात. आमच्याकडे याला चिकटपणा म्हणत आले आहेत. क्लबहाउसमध्ये त्याला ‘सस्टेनेबल’ म्हणतात हे कळल्यावर बाबा दोन दिवस ताठ मानेने लिफ्टमधून जा-ये करत होते.

खरी पंचाईत श्रीमंतांची झाली. त्यांच्या घरात टाकाऊ काही नसतंच, कारण जे असतं ते कामवाली आदल्या दिवशीच घेऊन जाते. सी विंगमधल्या एकींनी नुसता पुठ्ठा हवा म्हणून ऑनलाइन मिक्सर मागवला. तो त्यांच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या गोडाऊनमधूनच निघाला आणि तिसऱ्या दिवशी पोचला. मिक्सर परत पाठवायचा तर खोका लागतो हे त्यांच्या लक्षात आलं तोवर खोक्याचा बाळ येशूचा गोठा झाला होता. वहिनींनी स्वतः पाइनची सुकलेली फळं मागवली होती, पण ती ‘निसर्गात पडलेली’ असल्यामुळे खर्चात धरू नयेत असं त्यांचं म्हणणं होतं.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी वहिनींच्या सासूबाईंनी मला हाक मारली. कमळआजी मूळच्या दिघाशी गावच्या. त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांची पुरचुंडी माझ्यापुढे धरली.

“बाय, तू रसायनाचं शिकलीस ना? मना सांग, मी यात मोठ्या गोळ्या टाकल्या होत्या. कुणी हात लावला न्हाय. मग ह्या बारीक कशा झाल्या?”

“आजी, त्या वितळत नाहीत, सरळ हवेत उडून जातात. वास येतो ना, तीच गोळी.”

“म्हणजे मी गोळी हुंगतेय?”

“थोडी थोडी.”

त्यांना ते पटलं. नव्या गोळ्या टाकण्यासाठी त्यांनी पेटीतून लुगडं काढलं. लाल, हिरव्या काठाचं, नऊवारी, घडीसुद्धा न मोडलेलं.

“हे कधी नेसणार?”

“नेसायचं न्हाय. नेसवायचं हाय, मना, मी गेल्यावर. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. माज्या भावानं दिलंय, दाजीनं. त्या वर्षी दिलं आन् पुढच्या वर्षी तोच गेला.”

दाजी गेल्यावर काय झालं, ते मला आईकडून माहीत होतं. दिघाशीच्या रानाला गोडाऊनवाल्यांचा भाव आला. दाजींचा मुलगा भाविक हक्कसोडीचा कागद घेऊन आत्याकडे आला, म्हणजे बापाच्या जमिनीवर आपला हक्क नाही अशी सही मागायला. आजी सही करायला तयार होत्या. लडकूशेठनी करू दिली नाही. ज्या शेठनी स्वतःच्या तिन्ही बहिणींकडून अशा सह्या एका दिवसात घेतल्या होत्या, त्यांना बायकोच्या बाबतीत अचानक स्त्रीचा वारसाहक्क आठवला. तेव्हापासून भाविकने आत्याचं तोंड पाहिलेलं नाही. ना दिवाळीला कुणी येतं, ना लग्नाची पत्रिका. म्हणजे माहेरचं कापड म्हणायचं तर हे एवढंच उरलं होतं.

आजींनी घडीत नव्या गोळ्या ठेवल्या आणि पेटी लावली. कुलूप नव्हतं. “घरातच हाय,” त्या म्हणाल्या.

चोवीस तारखेला संध्याकाळी मी क्लबहाउसमध्ये टेबलांवरून फिरायला लागले. शुभेच्छापत्रं बहुतेक जुन्या लग्नपत्रिकांची होती. एकीवर कापसाची दाढी चिकटवलेला सांताक्लॉज होता, दाढीखालून गणपतीची सोंड दिसत होती, आणि आत ‘मेरी ख्रिसमस’च्या खाली छापलेलं तसंच राहिलं होतं: कृपया आहेर आणू नये. आमच्या आईने, माधवीबाईंनी, नारळाच्या करवंटीत मेणबत्ती ओतली होती. ती खरोखर टाकाऊपासूनची होती आणि म्हणूनच कुणी तिच्यापाशी थांबत नव्हतं.

गर्दी वहिनींच्या टेबलाशी होती. सात मुलं ओळीने उभी होती, आणि सातही जणांच्या डोक्यावर सांताच्या टोप्या. लाल टोप्या, कडेला पांढऱ्या लोकरीऐवजी हिरवा काठ. ओळीत पहिला वहिनींचा मुलगा देवेश.

काठ मी ओळखला. वासही ओळखला. सातही मुलांच्या डोक्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

मी वहिनींना खांबामागे घेतलं.

“वहिनी, हे आजींचं लुगडं आहे.”

“हळू बोल ना. मला लाल कापड कुठेच मिळेना गं.”

“भिवंडीत कापड मिळेना?”

“मिळतं, पण सगळं ग्रे. इथे नुसतं विणतात, रंगायला बाहेर पाठवतात. आणि विकत आणायचं नाही, हा नियम माझाच.”

“तुम्हाला माहीत होतं ते कशासाठी ठेवलंय.”

“माहीत होतं, पण ते आत्ता लागणार आहे का? आईंची शुगरसुद्धा नॉर्मल आहे. अजून वीस वर्षं त्यांना काही होत नाही. तोवर नवीन घेतलं असतं. याहून भारी.”

“माहेरचं?”

“दिघाशीच्या दुकानातून घेतलं असतं.” मग त्यांनी माझा हात धरला. “निकाल लागेपर्यंत काही बोलू नकोस. उद्या मी त्यांना शांतपणे सांगते. पाहिजे तर पहिला नंबर मला देऊ नकोस. दुसरा दे.”

“निकालाआधी तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते.”

ही वेळ दोघींवरही आली नाही. कमळआजी लडकूशेठबरोबर येऊन पहिल्या रांगेत बसल्या, आणि नातू कौतुक करून घ्यायला सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

आजींनी त्याच्या डोक्यावरून टोपी काढली. उलटी केली. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये काठ धरून थोडा वेळ चोळला. स्पीकरवर कुणीतरी इंग्रजी गाणं लावलं होतं, त्यात घंटा वाजत होत्या. आजी उठल्या आणि ओळीतल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावरून एकेक टोपी काढत गेल्या. मुलांना हा खेळाचाच भाग वाटला. शेवटच्याने तर स्वतःहून डोकं पुढे केलं.

सात टोप्या मांडीवर घेऊन त्या बसल्या.

“दिपाली, बाकीचं कुठं हाय?”

“घरी आहे, आई. भेटींच्या पिशव्या शिवल्यात. थोडा तुकडा उरलाय.”

“शिव परत.”

“काय?”

“जोड. टाकाऊचं करता येतं ना सगळं? हाताने केलंस ना? हातानेच जोड.”

आजींनी टोपी उलटी केली तेव्हा आतली शिलाई मीही पाहिली होती. एका मापाची, दुहेरी, ओव्हरलॉक मारलेली. घरच्या हाताची ती शिलाई नव्हती.

“शिवलं कुणी?” आजींनी विचारलं.

“धामणकर नाक्यावरच्या मास्टरने,” वहिनी म्हणाल्या. “पण डिझाइन माझं होतं.”

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. सी विंगमधल्या मिक्सरवाल्या बाई असाव्यात. स्पर्धेतला मोठा अडथळा त्यांच्या डोळ्यांदेखत दूर झाला होता.

“आई, मी तुम्हाला पैठणी घेते. उद्याच. येवल्याची.”

“तू माज्या माहेरची हायस का?”

“असं काय करता? सगळे बघतायत.”

“बघू दे. मी गेले की मना नऊ वारांचे तुकडे पांघराल. डोक्यावर टोपी ठेवा, म्हणजे पोरांना भ्या वाटायचं न्हाय.”

लडकूशेठ मध्ये पडले. “कमळ, घरी चल. घरी बोलू.”

आजींनी कमरेची पिशवी उघडून फोन काढला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. कानाला लावला की बोलणारा खरं बोलत नाही, असा त्यांचा समज आहे. पलीकडून बराच वेळ कुणी उचललं नाही. मग एका पुरुषाचा सावध आवाज सगळ्या क्लबहाउसला ऐकू आला.

“कोण?”

“भाविक, आत्या बोलते. मना एक लुगडं आणून दे. नऊवारी. लाल.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

“सही देते,” आजी म्हणाल्या.

“आत्या, मी आत्ता निघू का?”

तेवढ्यात लडकूशेठ खुर्चीवरून अर्धवट उठले होते. “अगं, ती जागा रस्त्याला लागून हाय. कंपनीवाला परवा विचारून गेला.”

“मग? जागा मना गुंडाळून न्यायची हाय का?”

त्या संध्याकाळी मी पहिला नंबर करवंटीच्या मेणबत्तीला दिला. परीक्षकाची आई स्पर्धक असल्याबद्दल ग्रुपवर आक्षेप आला. तो रास्त होता, म्हणून मी निकालच रद्द केला. एवढ्यावरून दोन कुटुंबं माझ्याशी बोलत नाहीत.

भाविक दुसऱ्या दिवशी सकाळीच आला, बरोबर वकील आणि हातात लुगड्याची पिशवी. पण पंचवीस तारीख नाताळची. रजिस्ट्रार ऑफिस बंद. त्याच्या गावात कधी न पाळलेल्या सणामुळे त्याला हवी असलेली सही एक दिवस पुढे गेली. लुगडं आजींनी ताब्यात घेतलं होतं आणि ते परत मागायची भाविकची हिंमत होत नव्हती. तो जिना उतरताना तीनदा मागे वळून पाहत होता.

त्या दिवशी समोरच्या घरात जे चाललं ते आमच्या दारातून ऐकू येत होतं. लडकूशेठचं म्हणणं सोपं होतं: लुगडं तर आलं, मग आता सही कशाला? वहिनींनी त्यात भर घातली की भाविकने आणलेलं लुगडं पॉलिस्टरचं आहे, म्हणजे त्यानेच आधी फसवलंय. दुपारी आजी ते घेऊन माझ्याकडे आल्या.

“हे सूत हाय का?”

मी काठाचा एक धागा काढून काडीने पेटवला. तो जळायच्या आधी आक्रसला आणि त्याचा काळा कडक मणी झाला.

“नाही, आजी. प्लास्टिकच आहे म्हणायचं.”

“दाजीनं असलं आणलं नसतं.” त्यांनी मणी बोटाने दाबून पाहिला. “पन दाजीच्या पोरानं आणलंय. चार माणसांना विचारून, लाल शोधून आणलंय. मागितल्यावर आणलं, हे खरं. पन कुणी फुकट दिलंय मना या घरात काही?”

“सही करणार?”

“बोलले ना.” मग लुगड्याची घडी घालत म्हणाल्या, “तिथं ओळखीला माणूस लागतो, वकील बोलला. तू येशील? तुला कुणाच्या जमिनीत काही घ्यायचं न्हाय.”

हे माझ्या पात्रतेचं आजवरचं सर्वांत अचूक वर्णन होतं. मी हो म्हटलं.

सव्वीसला सकाळी गाडी वहिनींनीच चालवली. लडकूशेठनी ड्रायव्हरला सुट्टी देऊन टाकली होती आणि स्वतः आजारी पडले होते. आजी लिफ्टमधून बाहेर आल्या तेव्हा वहिनींच्या हातातली किल्ली खाली पडली. आजींनी ते लाल लुगडं नेसलं होतं. काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, केसांत अबोली.

“आई, हे... हे तर नंतरसाठी होतं ना?”

“ते पेटीत ठेवलं होतं. पेटीतलं टाकाऊ दिसतं तुला. नेसलेलं लुगडं कुणी कापत न्हाय.”

ऑफिसच्या पायरीवर भाविक उभा होता. आत्याला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. आपण कशासाठी काय आणलं होतं हे त्याला पक्कं माहीत होतं.

“आत्या, हे आजच...? लोक काय म्हणतील?”

“मेल्यावर कसं दिसतं ते मी बघायला हाय का? आज तरी बघते. आरसा कुठं हाय हितं?”

आरसा नव्हता. आतल्या खोलीत एक संगणक होता आणि त्यावर छोटा कॅमेरा. आजींनी अंगठा उठवला, सही केली, मग कारकुनाने त्यांना स्टुलावर बसवलं. वहिनी भिंतीला टेकून फोनमध्ये काहीतरी बघत होत्या, पण त्यांचा स्क्रीन बंद होता.

“आजी, पदर जरा बाजूला घ्या,” कारकून म्हणाला. “फोटोत काठ येतोय. चेहरा दिसला की झालं.”

“काठ पन येऊ दे,” आजी म्हणाल्या, आणि पदर सारखा करून सरळ कॅमेऱ्यात बघत बसून राहिल्या.