सरांच्या बोटाखालचा शब्द

"हिले रोज पुसा, हिले ऊन दाखवा, हिले उधळी-वाळवीपासून जपा! सुनेचेही एवढे लाड केले नसते मी," कुंताबाई माझ्या पुठ्ठ्यावरची धूळ पदराने झटकत पुटपुटल्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे ते मलाच ऐकवणं होतं.

होय मित्रांनो, ती लाडावलेली मीच. मी एक जुनी इंग्रजी-मराठी डिक्शनरी आहे. मुक्काम कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. जन्म पुण्याच्या एका छापखान्यातला. शिक्षकाची नोकरी लागली तेव्हा कुंताबाईंचे यजमान श्यामराव सर यांनी मला नागपुरात विकत घेतलं आणि एस.टी.त मांडीवर बसवून इथे आणलं. स्वतःच्या कपड्यांची पिशवी मात्र पायाशी ठेवली.

तेव्हापासून गावातल्या कितीतरी मुलांनी थुंकी लावून माझी पानं उलटली. (तेवढं करू नका हो, कळवळून सांगते.) सरांसाठी माझा शब्द म्हणजे कायदा, आणि कायदा साहेबाच्या इंग्रजीचा. कोणी बिस्किटाला कुकी किंवा लिफ्टला एलेव्हेटर म्हटलं, की सर विचारत, "तुह्या बापानं अमेरिकेत धान लावला का?"

सर निवृत्त झाले आणि घराच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, क्लास सुरू झाला. पुढे पोरांच्या हाती फोन आले, तरी या छपरीत मीच चालत असे.

मग सरांनी एक नवी पद्धत काढली. शब्द सर सांगणार. पान मुलांनी काढायचं आणि अर्थही मुलांनीच मोठ्यानं वाचायचा. "यानं उच्चार सुधरते," सर म्हणत. पालकांनी पद्धतीची वाहवा केली. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं. सरांची नजर माझ्यावर टेकायची, पण अक्षरांवर नाही. पोरांनाही ते कळलं होतं. चहाचा कप समोर न ठेवता थेट हातात देणाऱ्या कुंताबाईंनाही. पण बोलत कोणीच नव्हतं. बोललं की क्लास बंद, आणि क्लास बंद म्हणजे सर... पुढचं मनातसुद्धा कोणी पूर्ण करत नसे.

गेल्या रविवारी मेघा आली. ही सरांची मुलगी. नागपुरात एका कंपनीत बसून फोनवर अमेरिकेतल्या लोकांच्या तक्रारी ऐकते. मागे एका लग्नात सर तिच्या अगदी समोरून, ओळख न दाखवता निघून गेले होते. तेव्हापासून तिची झोप उडाली होती. तिने डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. "गेलेली नजर परत येत नसते. उरलेली वाचवायची तर लवकर आणा," ते म्हणाले. तिने सोमवारची वेळ घेतली. सरांना मात्र सांगितलं, "बाबा, चला ना माह्याकडे चार दिवस, फिराले."

"अन् क्लास कोण घेईन?"

"राहू द्या ना जरा क्लास."

"परीक्षा तोंडावर आहे. मी नाही येत."

बसची वेळ जवळ येत होती. छपरीत पोरं बसली होती. मेघा मागे हात धुवायला गेली आणि येता येता कामावरच्या सवयीनं बोलून गेली, "आई, मागचा फॉसेट गळून राहिला वं."

"काय गळून राहिला?" सरांनी मान वर केली.

"नळ, बाबा. अमेरिकेत फॉसेट म्हणतात."

"नळाले टॅप म्हणतात. असा शब्दच नाही."

"आहे बाबा."

"माह्या डिक्शनरीत असला तर आत्ता येतो तुह्यासंगं नागपूरले. नसला तर पुन्हा नागपूरचं नाव काढायचं नाही. बोल!"

पोरं हसली. राखी नावाच्या मुलीनं नेहमीसारखं मला उचललं.

"ठेव. आज मीच पाहतो," सर म्हणाले.

हसणं तिथेच थांबलं.

पानांच्या जाडीवरून सरांनी अंदाजानं मला उघडलं. बरोबर उघडलं. त्यांचं बोट पानावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"पाहा. नाही."

मित्रांनो, बोट नेमकं त्याच शब्दावर होतं. 'फॉसेट : अमेरिकेत, नळाची तोटी.' आम्हा पुस्तकांना स्वतःचा आवाज नसतो, याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

मेघानं वाकून पाहिलं. तिनं "बोट उचला" एवढं म्हणणं पुरेसं होतं. म्हटलं की पैज तिची, नागपूर तिचं, उरलेली नजरही कदाचित वाचली असती. पण समोर सगळा क्लास बसला होता. दारात कुंताबाई सरांच्या कपड्यांनी भरलेली पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती हळूच मागे लपवली.

मला कव्हर घाला, उधळीपासून जपा, असं मी तुम्हाला सांगणार होते. राहू द्या. जो तुम्हाला रोज शिकवतो, त्याला स्वतःला नीट दिसतं का, तेवढं कधीतरी विचारा.

"नाही आहे, बाबा," मेघा म्हणाली. "तुम्ही जिंकले."

सरांनी मला मिटलं नाही.

"सापशिडीतही कधी हार मानली नाही तू. पट उलटून टाकत होती. आज काहून हारून राहिली?"

मेघानं तोंड फिरवलं.

"राखी, तू वाच."

राखीनं कुंताबाईंकडे पाहिलं आणि स्वतःच्या वहीत डोकं घातलं.

दूर रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. सरांनी चष्मा काढला आणि माझ्या पानावर ठेवला.

"शब्द इथंच आहे," ते म्हणाले. "मलेच दिसत नाही."