ग्रेनेडातली पाच नंबरची बस

वर्तकनगरच्या प्रियांकाला जन्मापासून दिसत नव्हतं आणि तिच्या आईला, रमाबाईला, ती घटकाभरही नजरेआड झालेली चालत नव्हती. वागळे इस्टेटमधल्या बँकेत प्रियांकाची चांगली नोकरी होती. पण रोज सकाळी पोचवायला आणि संध्याकाळी आणायला रमाबाई हजर. पोरगी तिशी ओलांडून गेली तरी आईने तिचं मनगट काही सोडलं नव्हतं.

प्रियांकाची कॉलेजातली मैत्रीण शिवानी, मूळची डोंबिवलीची. ती ग्रेनेडाच्या मेडिकल कॉलेजात शिकवायला गेली आणि तिने प्रियांकाला सुट्टीत बोलावलं. रमाबाईने लगेच आपलाही पासपोर्ट काढला.

ग्रेनेडा म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट. म्हणायला देश, पण आपल्या ठाणे जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात मावेल. पहिले दोन दिवस शिवानीने दोघींना गाडीतून फिरवलं. मग तिच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा सुरू झाल्या आणि मायलेकी घरात अडकल्या.

व्हरांड्यात बसून प्रियांका रस्ता ऐकायची. दर थोड्या वेळाने एखादी गाडी यायची, दोनदा हॉर्न द्यायची आणि पुढे जायची.

"ती बस गं," शिवानी म्हणाली. "छोटी व्हॅन असते. येतेस का, म्हणून विचारतात. हात केला की थांबतात. आणि उतरायचं असलं की पत्र्यावर टकटक करायची."

"ग्वाव्हला कुठली जाते?" प्रियांकाने विचारलं. ग्वाव्ह म्हणजे किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. तिथे जायफळाचं मोठं गोदाम आहे, हे शिवानीनेच तिला सांगितलं होतं.

"इथून आधी शहरात जायचं. तिथे पाच नंबर."

दुसऱ्या दिवशी शिवानी कामावर गेल्यावर प्रियांकाने आपली पांढरी काठी उघडली.

"मी ग्वाव्हला जाऊन येते, आई."

रमाबाई भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. "परका मुलुख आहे हा. तुला काही झालं तर मी सांगू कुणाला? मला तर यांचं बोलणंपण कळत नाही. थांब, मी येते."

"तू आलीस की माझा हात धरशील. मग मी गेले काय आणि तू मला नेलंस काय, सारखंच."

"मग मला विचारतेस कशाला?"

"विचारत नाहीये. सांगून जातेय."

रमाबाई सुरी ठेवून उठली. दारापर्यंत मागोमाग आली, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

दोन हॉर्न ऐकू आले. प्रियांकाने काठी उंचावली. गाडी थांबली, दार सरकलं. ती आत चढते न चढते तोच सगळीकडून आवाज आले, "गुड मॉर्निंग." एक जाडा पुरुषी आवाज पुढून, दोन बायका उजवीकडे, मागून एक म्हातारा. बसमध्ये चढलेल्याला सगळ्यांनी नमस्कार करायचा, अशी तिथली रीतच होती. कोण कुठे बसलंय, जागा कुठे रिकामी आहे, प्रियांकाला एका क्षणात समजलं. आपल्याकडे बसमध्ये चढलं की माणसं एकदम गप्प होतात आणि मग कुणीतरी दंडाला धरून खेचतं. तिला हसू आलं. तिनेही खणखणीत आवाजात गुड मॉर्निंग म्हटलं.

शहरातल्या स्टँडवर एका कंडक्टरने तिचा दंड धरलाच. ती म्हणाली, "तुम्ही मला नका धरू. मी तुमचं कोपर धरते." त्याला मजा वाटली. त्याने तिला नीट पाच नंबरमध्ये बसवलं.

पाच नंबरचा ड्रायव्हर मोठा शौकीन निघाला. ढोलांचं गाणं एवढ्या जोरात लावलेलं की बाकीचं काही ऐकू येईना. डावीकडून समुद्राचा वारा येत होता, एवढंच काय ते कळत होतं. तेवढ्यात पत्र्यावर टकटक झाली, बाजूच्या बाईच्या बोलण्यात ग्वाव्हचं नाव आलं आणि लोक उतरायला लागले. तीही उतरली. बस निघून गेली. गाणंही गेलं. उतरलेल्यांच्या पावलांमागोमाग ती रस्ता ओलांडून डोंगराच्या बाजूला आली आणि ती पावलं वर कुठेतरी विरून गेली.

मग तिच्या लक्षात आलं. इथे बाजार नव्हता, माणसांचा गलका नव्हता. खाली दगडांवर आपटणाऱ्या लाटा आणि कुठेतरी एक कोंबडा. आपण चुकलो.

तिने घाईने पर्स चाचपली. फोन हातात आला. शिवानी परीक्षा सोडून धावत आली असती, यात शंका नव्हती. आणि मग घरी आई काय म्हणाली असती, तेही तिला पाठ होतं. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि मोठ्याने म्हणाली, "गुड मॉर्निंग."

"गुड मॉर्निंग, डार्लिंग," वरच्या बाजूने एका बाईचा आवाज आला. "कुणाकडे आलीस?"

"ग्वाव्हला जायचं होतं."

"अगं, ते पुढे राहिलं. फार आधी उतरलीस." बाई मोकळेपणाने हसली. "थांब, माझा भाऊ गाडीने सोडेल तुला."

"नको. बसनेच जाईन."

"मग रस्ता ओलांडून समुद्राच्या बाजूला उभी राहा. ड्रायव्हरला दिसेल तुझी काठी."

तिथे रस्ता वळणाचा होता. प्रियांका बराच वेळ कान देऊन उभी राहिली. एक ट्रक गेला, त्याचा आवाज पार विरेपर्यंत थांबली आणि मग काठी टेकत सरळ पलीकडे गेली. वरून बाईने टाळ्या वाजवल्या.

पुढची बस आली. तिने चढताचढता विचारून घेतलं आणि या वेळी ती ग्वाव्हलाच उतरली.

गोदामात शिरताच वासाने तिचे पाय थबकले. पुरणात घालायला चिमूटभर उगाळतो ते जायफळ इथे ढिगांनी पडलेलं. तिथल्या बाईने विचारलं, "हात घालायचाय?" प्रियांकाने बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत दोन्ही हात त्या ढिगात खुपसले. कोरडी, गुळगुळीत फळं खुळखुळत बोटांमधून सरकली. इथवर मी एकटी आलेय, ती मनात म्हणाली, आणि मग तेच मराठीत मोठ्याने म्हणाली. बाईला शब्द कळले नाहीत, पण तिने प्रियांकाच्या पाठीवर थाप मारली.

परतताना शिवानीच्या घराजवळचा चढ लागला, बेकरीचा वास आला आणि प्रियांकाने स्वतः पत्र्यावर टकटक केली. बस बरोबर फाटकापाशी थांबली.

रमाबाई फाटकातच उभी होती. तिने लेकीचे हात हातात घेऊन हुंगले. मग म्हणाली, "उद्या मला नेशील?"

दुसऱ्या दिवशी प्रियांका पुढे आणि रमाबाई तिच्या मागे. बसमध्ये चढताच सगळे गुड मॉर्निंग म्हणाले. रमाबाई गोंधळली, मग तिने हात जोडले आणि आपल्या घरच्यासारखं म्हणाली, "जय भीम."

"जे भीम," मागून एक म्हातारा म्हणाला. पाठोपाठ आणखी दोघं.

ठाण्याला परतल्यावर सोमवारी प्रियांका एकटीच वागळे इस्टेटला गेली. रमाबाईने तिला अडवलं नाही. तिलाही वेळ नव्हता. आंबिवलीला तिची बहीण राहते, तिच्याकडे दिवसभर राहायला म्हणून ती सकाळीच नवं लुगडं नेसून निघाली होती.