धुराड्यावरचा पहारा

औष्णिक केंद्राच्या धुराड्याला साठ मीटरवर लोखंडी मचाण होतं. धुरातला पारा मोजायला बाहेरून आलेले खुशालराव सकाळी तिथं चढले, ते खाली उतरायचं नावच घेईनात. धुराड्याच्या भोकात त्यांनी कार्बनची पूड भरलेल्या दोन काचेच्या नळ्या खुपसल्या होत्या. पंपानं धूर ओढला की त्यातला पारा त्या पुडीत अडकायचा. तीन तासांनी नळ्या अकोल्याच्या प्रयोगशाळेत न्यायच्या.

फोन वाजला. केंद्राचे इंजिनियर मनोजसाहेब खालून बोलत होते. "खुशालराव, जेवाले या! पाटोडीची भाजी केली खास तुमच्यासाठी."

"मांगच्या वर्षी खाल्ली, साहेब. अजून पचली नाही."

मागच्या वर्षी ते जेवायला उतरले होते आणि पाऱ्याचा आकडा नसल्यासारखाच आला होता. जेवून वर आले तेव्हा नळ्यांना काजळीचा ठिपकाही नव्हता. ते दिसूनही त्यांनी अहवालावर सही केली होती. त्या सहीचा संताप वर्षभर आत धुमसत होता.

थोड्या वेळानं धापा टाकत देवीदास वर आला. केंद्रातला कामगार, सप्ताहात कीर्तनाला त्यांच्याच शेजारी टाळ धरणारा. हातात डबा.

"तुमी जा खाली, भाऊ. मी पाह्यतो इथं."

"मांगच्या वर्षी मी जेवाले गेलो, तवा भोकातून नळ्या तूच काहाडून ठेवल्या न?"

देवीदासनं डबा खाली ठेवला. "साहेबानं सांगतलं. मी का करू?"

"अरे, हा पारा तुह्याच गावच्या तळ्यात उतरते! तिथली मासोळी लेकरं खाते! कीर्तनात डोळे भरून येते तुहे, आन् इथं हात नाही थरथरला?"

"गलती झाली, भाऊ. आज नाही करत. जेवून घ्या."

"सप्ताहातली वीणा कोणाच्या गळ्यात नाही द्याची, हे मले आता समजते. सरक तिकडं!"

पुन्हा फोन. "पुढचं काम विसरा मग," मनोजसाहेब म्हणाले. खुशालरावांनी फोनच बंद केला.

तीन तास भरले. काळवंडलेल्या नळ्या काढून त्यांनी टोपणं लावली, पेटीत ठेवल्या. नोंदीच्या कागदावर खाली लिहिलं, 'मागील वर्षीचे मोजमाप खोटे. मी जेवायला गेलो होतो. माहीत असून सही केली.' कागद देवीदासपुढं धरला.

"साक्षीदार म्हणून सही कर."

"माही नोकरी जाईन, भाऊ."

"माहीबी जाईन."

देवीदासनं पेन घेतलं नाही. खुशालराव पेटी छातीशी धरून तणतणत जिन्याकडं निघाले.

"थांबा," देवीदास म्हणाला. "साहेब खाली उभे हायेत. पेटी हिसकतीन. मी पुढं होतो."

खुशालरावांचा राग तसूभरही उतरला नव्हता. पण त्यांनी वाट दिली.