तुटलेली तार

उंचीवरून लंबूची पलटणीत रोज थट्टा व्हायची. ‘याला एक खंदक पुरत नाही,’ म्हणायचे. टेलिफोनच्या तारा टाकायच्या, तुटल्या की जोडायच्या, हे त्याचं काम.

त्या सकाळी टेकडी जिंकून सगळे खंदकात टेकतात न टेकतात तोच गोळे कोसळू लागले. तेही आपल्याच तोफांचे! टेकडी हाती आल्याचं मागे कुणाला कळलंच नव्हतं. वायरलेस पहिल्याच गोळ्यात चक्काचूर झाला आणि तारही कुठेतरी तुटली होती.

“साहेब, मी जातो,” म्हणत लंबूनं फोनचा डबा गळ्यात अडकवला नि तार मुठीतून सरकवत तो उतारावरून सरपटत निघाला. समोरच्या कड्यावरून शत्रूच्या गोळ्या सुटत होत्या. एक मांडीत घुसली. तो दात-ओठ खात पुढे सरकला. तुटलेलं टोक सापडलं, पलीकडचंही सापडलं. त्यानं डबा जोडला.

“मामा! तोफा थांबव! टेकडीवर आपलीच माणसं आहेत!”

तोफखान्यातल्या फोनवाल्याला सगळे मामा म्हणत. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवर रोज भांडायचे.

“आजचा परवलीचा शब्द सांग.”

“मला कुठून माहीत? पहाटे तो बदलला तेव्हा आम्ही टेकडी चढत होतो!”

“शब्दाशिवाय नाही जमायचं. शत्रूही तार जोडून असंच बोलेल.”

मागे आणखी एक गोळा फुटला. कुणीतरी किंचाळलं.

“अरे गाढवा, परवा शिंकत शिंकत तू माझा निरोप उलटा घेतलास, हे शत्रूला कोण सांगणार?”

तिकडून मामाची आरोळी ऐकू आली, “थांबवा! तोफा थांबवा!” आणि पाठोपाठ कुणा अधिकाऱ्याचा आवाज, “कुणाच्या हुकमानं?”

तोफा थांबल्या.

लंबूला पदक जाहीर झालं. मामावर मात्र हुकमाविना तोफा थांबवल्याबद्दल चौकशी बसली. “तोंड उघडू नका, हातचं पदक जाईल,” लंबूला बायकोनं बजावलं होतं. पण सेनापती छातीवर पदक लावत असताना लंबूला राहवलं नाही.

“साहेब, तोफा थांबवल्या त्या मामानं. तो आज कोठडीत आहे.”

सेनापतींचा चेहरा ताठरला. ते पुढच्या जवानाकडे वळले. पण काही दिवसांनी त्यांच्याच हुकमानं मामाची चौकशी गुंडाळली गेली.

सुटल्यावर मामा थेट लंबूच्या घरी आला. ठेंगणा, टकला माणूस. दारातच उभा राहिला.

“टेकडीवर आपले किती गेले रे?”

“चौघे.”

“मी शब्द विचारत बसलो, तेवढ्यात?”

लंबूनं नजर चुकवली नाही. “एक.”

मामा मटकन खाली बसला. लंबू कुबडी टेकत त्याच्याजवळ गेला, कसाबसा जमिनीवर बसला आणि त्यानं त्याचा हात धरला.